कॅटाफ्रॅक्टच्या आकृत्या रंगवताना या चुका टाळा

कॅटाफ्रॅक्ट म्हणजे प्राचीन इराणातल्या पार्थियनांचे अंगभर चिलखत घातलेले घोडेस्वार. या जड घोडदळाच्या २८ मिमी उंचीच्या छोट्या आकृत्यांमध्ये सर्वांत जास्त घोळ भाल्याचा होतो. भाला एका हाताने काखेत दाबलेला, दुसऱ्या हातात ढाल. ही ढब युरोपातल्या मध्ययुगीन नाइटची. कॅटाफ्रॅक्टचा भाला, म्हणजे कॉन्टोस, साधारण चार मीटर लांबीचा, दोन्ही हातांनी पेलायचा. लगाम घोड्याच्या मानेवर सैल सोडून घोडा मांड्यांनी हाकायचा. म्हणून ढाल नको. रिकिबीही नकोत. मध्ययुगीन घोडा वापरत असाल तर त्याच्या रिकिबी कापून टाका. इराणातल्या ताक-ए-बोस्तानच्या शिल्पातल्या स्वाराकडे ढाल आहे खरी, पण तो पार्थियनांनंतरच्या ससानियन काळाच्या अखेरचा. त्याच्यावरून पार्थियन स्वार सजवू नका.

हा भाला लढाईत कसा चाले, ते ग्रीक लेखक प्लुटार्कने लिहिलेल्या रोमन-पार्थियनांमधल्या कार्हीच्या लढाईच्या (इ.स.पू. ५३) वर्णनात दिसतं. रोमन सेनापतीचा मुलगा पब्लियस क्रॅसस याच्याबरोबरच्या गॉल (आजच्या फ्रान्सकडच्या) स्वारांच्या अंगावर जेमतेम चिलखत होतं. त्यांनी पार्थियनांचे लांब भाले हातांनी पकडले आणि भालाइतांना घोड्यावरून खाली ओढलं. चिलखताच्या वजनामुळे पडलेल्यांना उठता येईना. काही गॉल तर पायउतार होऊन घोड्यांखाली शिरले आणि त्यांची पोटं फाडली. घोड्याच्या पोटाखाली खवले रंगवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. सीरियातल्या दुरा-युरोपोसला सापडलेलं घोड्याचं चिलखतही पाठ आणि दोन्ही कुशी झाकतं, पोट उघडंच राहतं.

आकृतीबरोबर येणारा धातूचा भाला मऊ असतो. वाकला की सरळ करायचा, पुन्हा वाकवायचा, आणि शेवटी तो मुठीपाशी मोडतो. तो सुरुवातीलाच काढून टाका. ०.८ मिमी जाडीची सरळ पितळी तार घ्या, ७० मिमी कापा. टोकाचे चार-पाच मिमी हातोडीने चपटे करून कानशीने पात्याचा आकार द्या. दोन्ही मुठी हाताने फिरवायच्या ड्रिलने ०.९ मिमीच्या बिटने आरपार भोकं पाडा. तार आधी कोरडी घालून बघा: दोन्ही भोकं एका रेषेत नसतील तर भाला धनुष्यासारखा ताणला जातो आणि काही दिवसांनी सुपरग्लू सोडतो. अशा वेळी मागच्या मुठीचं भोक मोठं करा, गोंद वाढवून भागत नाही. स्वार आणि घोडा वेगवेगळे रंगवा. जोडून रंगवलं तर भाल्याआडची मान आणि आयाळ ब्रशला सापडतच नाही.

दुसरी खोड खवल्यांची. चांदीचा रंग फासायचा, वरून काळा वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) ओतायचा आणि झालं म्हणायचं. वॉश मोठ्या सपाट भागावर साचतो, वाळल्यावर कडेला डागाचं वर्तुळ उरतं आणि सगळं चिलखत काजळलेलं दिसतं. आधी काळा प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) द्या. मग गडद पोलादी रंगाचा ड्रायब्रश, म्हणजे कोरड्या ब्रशने फक्त उंचवट्यांवर रंग. ब्रश कागदावर पुसून जवळजवळ कोरडा झालेला हवा आणि खवल्यांच्या ओळींना आडवा फिरवायचा. त्यानंतर तपकिरी-काळा वॉश अर्ध्याने पातळ करून फक्त खवल्यांच्या खाचांत, थेंब साचला तर ओल्या ब्रशने लगेच उचलायचा. पूर्ण वाळू द्या आणि शेवटी खवल्यांच्या खालच्या कडांवर उजळ पोलादी रंगाचा अगदी हलका हात. घाई करणारे नेमके वॉश वाळण्याआधी ड्रायब्रश फिरवतात. त्याने खालचा थर खरवडून निघतो. ते धुऊन पुन्हा करावं लागतं, झाकून जात नाही.

सगळं चिलखत एकाच धातूचं करू नका. स्वार पोलादी आणि घोडा ब्राँझचा ही जोडी चालते. दुराला दोन्ही धातूंचे खवले मिळाले आहेत.

तलवार डाव्या बाजूला लांब आणि सरळ हवी, वाकडी नको. गदा दिली तर खोगिराला लटकवा, हात भाल्यात गुंतलेले आहेत.

पावसाळ्यात मुंबई-कोकणात स्प्रे प्रायमर किंवा वार्निश मारू नका. दमट हवेत मॅट वार्निशवर पांढुरकी धुरी येते. ती आलीच तर कोरड्या दिवशी ब्रशने चकचकीत वार्निशचा पातळ हात द्या, बहुतेकदा धुरी जाते. मग पुन्हा मॅट, तेही ब्रशनेच.