पुण्याहून वरचेवर उडणाऱ्या सातारकरांसाठी
शे-दोनशे रुपयांच्या फरकावर एअरलाइन ठरवू नका. आपल्या मार्गावर त्या कंपनीचं त्याच दिवशी दुसरं विमान आहे का, ते आधी बघा. एक रद्द झालं तर निदान पुढच्यात जागा मिळायची आशा असते. नाहीतर लोहगावहून सामानासकट माघारी, पुन्हा खंबाटकी घाट चढून. कुठली कंपनी किती वेळेवर उडते आणि किती उड्डाणं रद्द करते, याचे आकडे डीजीसीए, म्हणजे विमानसेवेवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, दर महिन्याला जाहीर करते. ते जरूर चाळा. सगळ्यात स्वस्त तिकिटात कधीकधी चेक-इन बॅग धरलेलीच नसते. कंदी पेढ्यांचे खोके न्यायचे असतील तर 15 किलोवालं तिकीटच घ्या, विमानतळावर जादा वजनाचे पैसे फार लागतात.