इलेक्ट्रिक एसयूव्ही ट्रेलर ओढताना दमते तेव्हा दोष कसा शोधावा

सपाट रस्त्यावर ट्रेलर झकास ओढणारी इलेक्ट्रिक एसयूव्ही चढणीवर अचानक ढेपाळली, की पहिला संशय मोटरवर जातो. पण बहुतेक वेळा गाडीचा संगणकच मोटर, इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करून देणारा भाग) किंवा बॅटरीला जपण्यासाठी ताकद आवरती घेत असतो. म्हणून आधी एवढंच नीट आठवा: ताकद नेमकी कधी कमी झाली? निघाल्या निघाल्या, बराच वेळ चढल्यावर, की चार्ज संपत आल्यावर? याचं उत्तर मिळालं की निम्मा तपास झाला.

आधी गाडी बाजूला घ्या आणि पडद्याचा फोटो काढा. कासवाचं चिन्ह किंवा शक्ती मर्यादित असल्याची सूचना दिसत असेल, तर गाडी बंद करून पुन्हा चालू केल्यावर ती पुसली जाऊ शकते. फोटोबरोबर बाहेरचं तापमान, चार्जची टक्केवारी आणि वेग लिहून ठेवा. लाल इशारा असेल किंवा जळका वास येत असेल, तर तपास तिथेच थांबवा. सगळ्यांना उतरवून गाडीपासून लांब उभं करा आणि मदत बोलवा.

निघतानाच ताकद कमी असेल तर दोन गोष्टी बघा. पहिली म्हणजे थंडी. लिथियम-आयन बॅटरी गारठली की तिचा अंतर्गत रोध वाढतो आणि ती एकदम जास्त प्रवाह देऊ शकत नाही. निघण्याआधी, गाडी चार्जरला लावलेली असतानाच बॅटरी गरम करून घेण्याची सोय बऱ्याच गाड्यांत असते, ती वापरा. दुसरी म्हणजे ड्राइव्ह मोड. इको मोड चालू राहिलाय का आणि टो मोड (ट्रेलर ओढण्यासाठीची सेटिंग) खरोखर लागलाय का, हे पडद्यावर तपासा. गाडीला ट्रेलर ओळखता आला नाही तर टो मोड आपोआप लागत नाही, आणि त्याचं मूळ पुष्कळदा ट्रेलरच्या प्लगमध्ये सापडतं. प्लग काढून उजेडात धरा. पिनांवर हिरवट किंवा पांढरी भुकटी दिसली तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा, पिना पुरत्या सुकू द्या आणि मगच जोडा. त्यानंतर ट्रेलरचे सगळे दिवे एकेक करून पेटवून बघा. एक दिवा लावल्यावर दुसराच मिणमिणत असेल तर अर्थिंगची तार सैल झाली आहे असं समजा.

बराच वेळ चढल्यावर ताकद गेली तर कारण बहुधा उष्णता. मोटरची जाहिरातीत छापलेली ताकद बहुतेकदा थोड्या वेळापुरती असते, सतत देता येणारी त्याहून बरीच कमी. ट्रेलर मात्र सततची ताकद मागतो. 2,500 किलोची गाडी आणि 2,000 किलोचा ट्रेलर 6 टक्क्यांच्या चढणीवर ताशी 80 किलोमीटरने न्यायचा, तर निव्वळ वर चढण्यासाठीच सुमारे 59 किलोवॅट लागतात. हवेचा आणि टायरांचा विरोध त्यावर वेगळा. तोच चढ ताशी 60 ने चढलात तर हा आकडा 44 वर येतो. म्हणून चढणीवर पहिला उपाय वेग कमी करणं हाच. त्यानेही भागलं नाही तर थांबा, पण गाडी लगेच बंद करू नका, पंखे आणि कूलंटचा पंप चालू राहू द्या. पुढच्या जाळीत पाला, कागद किंवा चिखल अडकलाय का, तेही बघा. कूलंटची पातळी गाडी थंड झाल्यावर बाहेरून बघावी. कमी असेल तर घरातलं पाणी किंवा हाताला लागेल ते कूलंट ओतू नका, कारण काही गाड्यांना विशिष्ट, वीज कमी वाहून नेणारंच कूलंट लागतं. नारिंगी रंगाच्या केबलांना हात लावायचा नाही, त्यात जीवघेणा विद्युतदाब असतो.

चार्ज खाली आल्यावर ताकद गेली तर बहुधा बिघाड नाही. चार्ज उतरला की व्होल्टेज उतरतं आणि त्याबरोबर मिळणारी शक्तीही. वर सांगितलेली जोडगोळी 1,000 मीटर उंच चढवायला फक्त चढाईसाठी 12 किलोवॅट-तासांहून जास्त ऊर्जा लागते. त्यामुळे चार्जिंगचा थांबा चढणीच्या पायथ्याशी घ्या, माथ्यावर पोचल्यावर नको. पूर्ण भरलेल्या बॅटरीने उतारावर निघालात तर मात्र रीजनरेटिव्ह ब्रेकिंग (वेग कमी करताना मोटरने वीज परत बॅटरीत भरणं) फारसं मिळत नाही, हे ध्यानात ठेवा.

आता ट्रेलरकडे वळा. गाडी आणि ट्रेलर जोडणारी माणसं याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष देतात, असा माझा अनुभव आहे. सपाट रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटं चालवा, होईल तितका कमी ब्रेक वापरून थांबा आणि तळहाताची मागची बाजू प्रत्येक चाकाच्या हबजवळ (चाकाच्या मधल्या भागाजवळ) न्या, टेकवू नका. एका हबमधून बाकीच्यांपेक्षा स्पष्ट जास्त धग येत असेल, तर तिथला ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग गेलंय. अशी गाडी दिवसभर ब्रेक दाबून चालवल्यासारखी होते आणि दोष मात्र बॅटरीला लागतो. टायरची हवा टायर थंड असताना मोजा. ट्रेलर सामानासह वजनकाट्यावर चढवा. हिचवर (गाडीला ट्रेलर जोडायच्या आकड्यावर) पडणारा भार आणि एकूण वजन, दोन्ही गाडीच्या पुस्तिकेतल्या मर्यादेत हवेत, आणि हिचवरचा भार प्रवाशांच्या व सामानाच्या वजनात धरायचा असतो.

इतकं करूनही ताकद आली नाही तर ट्रेलर सोडून त्याच रस्त्यावर गाडी एकटी चालवून बघा. एकटीही मंद असेल तर बिघाड गाडीत आहे: दोन मोटरांपैकी एक बंद पडलेली असू शकते, कूलंटचा पंप किंवा एखादा तापमान-सेन्सर निकामी झालेला असू शकतो, किंवा 12 व्होल्टची छोटी बॅटरी क्षीण होऊन भलत्याच सूचना येत असतील. कार्यशाळेत जाताना काढलेले फोटो आणि टिपणं बरोबर न्या, आणि साठवलेले फॉल्ट कोड पुसण्याआधी त्यांची छापील प्रत मागून घ्या.