टीम सांभाळायला घरी कसं शिकावं

घर चालवणारी बाई आपोआप चांगली मॅनेजर होते, असं महिला दिनाच्या भाषणांत दरवर्षी ऐकते. मला ते पटत नाही. पहाटे साडेपाचला उठून डबे, पाणी, पूजा, औषधं सगळं एकहाती उरकणारी माणसं कष्टाळू असतात, पण त्यातून टीम सांभाळणं येत नाही. उलट 'माझ्याशिवाय होत नाही' ही सवय हाडीमाशी मुरते. भोसरीतल्या एका कारखान्यात अकाउंट्सच्या चार जणांची प्रमुख झाले तेव्हा मी हीच सवय घेऊन गेले आणि वर्षभरात पार थकले. त्यानंतर जे शिकले ते घरीच शिकले, पण काम करून नव्हे, काम दुसऱ्याच्या हाती देऊन.

एकच काम निवडा

रोजचं, सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकाच्याच हाती राहील असं आणि बिघडलं तरी फार नुकसान होणार नाही असं काम घ्या. फ्रिजवर कामांचा तक्ता लावून, काम झालं की चांदण्या चिकटवण्याचा सल्ला सोडून द्या. तो तक्ता रोज बघणार कोण? आपणच. म्हणजे काम गेलं तरी त्याची काळजी आपल्याच डोक्यात राहते. 'आईला मदत कर' हे वाक्यही बंद करा. मदत म्हटलं की काम आईचंच राहतं.

मी मुलाला संध्याकाळच्या पोळ्यांची कणीक दिली. तेव्हा तो नववीत होता. साडेसातला कणीक तयार हवी, एवढंच ठरलं.

शिकवा

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतले कसलेले कामगार लढाईवर गेले आणि कारखान्यांत नवखी माणसं आली. त्यांना लवकर तयार करण्यासाठी १९४० ते १९४५ या काळात 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' हा सरकारी कार्यक्रम चालला. पुढे तो जपानला गेला, टोयोटानंही उचलला. त्यातल्या चार पायऱ्या मी आजही वापरते. आधी माणसाला निवांत करायचं आणि त्याला किती येतं ते विचारायचं. मग करून दाखवायचं आणि प्रत्येक गोष्ट का करतो ते सांगायचं. मग त्याच्याकडून करून घ्यायचं, तेही त्यालाच समजावायला लावून. शेवटी एकट्यावर सोडायचं आणि अधूनमधून बघायचं. शिकणाऱ्याला आलं नाही, तर शिकवणाऱ्यानं शिकवलंच नाही, असं त्या कार्यक्रमाचं ब्रीद होतं.

माझी चूक दुसऱ्या पायरीवर झाली. दोन वाट्या कणकेला पाऊण ते एक वाटी पाणी लागतं, हे मी सांगितलं. पण पिठानुसार पाणी कमीजास्त लागतं, म्हणून ते एकदम ओतायचं नाही, हे सांगायचं राहिलं. त्यानं मोजून अख्खी वाटी ओतली.

सोपवा आणि हात मागे घ्या

खरी परीक्षा इथे आहे. परातीत लगदा, त्याच्या दोन्ही हातांना मनगटापर्यंत पीठ चिकटलेलं, घड्याळात सव्वासात, आणि तो माझ्या तोंडाकडे बघत उभा. माझा हात परातीकडे गेलाही होता. दोन मिनिटांत सावरून दिलं असतं. पण त्या दोन मिनिटांची किंमत मी ऑफिसात मोजून बसले होते. तिथे एका नव्या मुलीच्या जीएसटीच्या तक्त्यात चूक दिसली की तिला न सांगता मीच रात्री बसून दुरुस्त करायचे. तिला वाटायचं, काम बरोबर झालं. मग दर महिन्याला तीच चूक यायची. हळूहळू चौघंही अर्धवट काम माझ्याकडे पाठवायला लागले, कारण मॅडम बघतातच. भाचीच्या लग्नाला गेले होते, नेमकी १८ तारीख होती, जीएसटीचं रिटर्न भरायची मुदत दोन दिवसांवर, आणि अक्षता पडत असताना मी मांडवाबाहेर उभी राहून फोनवर आकडे सांगत होते. माणसं आळशी नव्हती. त्यांच्या हातातून काम मीच काढून घेतलं होतं, तेही दयेपोटी.

म्हणून त्या संध्याकाळी मी दोन्ही हातांनी ओट्याची कड धरून ठेवली आणि विचारलं, "आता काय करता येईल?"

"पीठ घालू?"

"किती?"

"थोडं थोडं."

पोळ्या व्हायला आठ वाजले. जरा वातड झाल्या. सगळ्यांनी खाल्ल्या.

दुसऱ्या आठवड्यात तो क्रिकेटमध्ये रमला आणि कणीक राहूनच गेली. सासूबाई उठल्या, "लेकरू दमून आलंय, मी मळते." मी म्हटलं, "आई, आज राहू द्या." हे बोलणं मला फार जड गेलं. त्या रात्री नुसता वरण-भात झाला. त्यावर कोणी टोमणा मारायचा नाही, हे मी नवऱ्याला आधीच बजावलं होतं. टोमणा मारला की भांडणच लक्षात राहतं, चूक राहत नाही. दुसऱ्या दिवशी मुलानं स्वतःच मोबाईलवर गजर लावला.

मग तिसरी अडचण आली, आणि ती सगळ्यात फसवी. त्याला त्याची पद्धत सापडली. शाळेतून आल्या आल्या पाचलाच कणीक मळायची, डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवायची आणि सातला बाहेर काढायची. मला ताजी मळलेली कणीकच आवडते. तरीही मी गप्प राहिले, कारण साडेसातला तयार कणीक एवढंच ठरलं होतं आणि ती तयार असायची. काय हवं आणि कधी हवं हे आपण ठरवावं, कसं करायचं हे करणाऱ्याला ठरवू द्यावं. 'माझ्यासारखंच कर' म्हणणाऱ्याला हाताखाली फक्त हुकूम पाळणारी माणसं मिळतात, आणि विचार करणारी माणसं दुसरी नोकरी शोधतात.

हात मागे घेणं म्हणजे पाठ फिरवणं नव्हे. गॅस, विळी, औषधं यांत प्रयोग नकोत. तिथे पहिले काही दिवस शेजारी उभं राहायचं, आणि 'मी अमुक दिवसापर्यंत बघणार' हे आधीच सांगून टाकायचं. न सांगता डोकावलं तर समोरच्याला पाळत वाटते. ठरवून बघितलं तर आधार वाटतो.

चुकीबद्दल बोला

त्याच दिवशी, एकट्याला गाठून, एकाच वाक्यात: "पाणी एकदम ओतलंस." "तुला काही जमतच नाही" हे वाक्य घरातही नको.

ज्यांच्यावर हुकूम चालत नाही त्यांना बरोबर घ्या

मुलांवर निदान आईपणाचा अधिकार असतो. सासूबाई, जाऊबाई, नणंदा यांच्यावर कसला अधिकार? त्यासाठी गौरींसारखी शाळा नाही. आवाहन, पूजन, विसर्जन असे तीन दिवस, पुरणावरणाचा स्वयंपाक, सोळा भाज्या, घरभर पाहुणे. पहिली काही वर्षं मी सगळं मनाशी ठरवून आयत्या वेळी सांगायचे आणि सगळ्या नाराज व्हायच्या. आता पंधरा दिवस आधी सासूबाईंपाशी बसते आणि काही ठरवायच्या आधी विचारते. जाऊबाईंचं पुरण माझ्यापेक्षा सरस होतं, म्हणून ते पूर्ण त्यांच्याकडे. डाळ किती भिजवायची हेही त्याच सांगतात. आमच्या स्टोअर्सच्या साहेबांशीही मी असंच वागते. ते माझ्या हाताखाली नाहीत, पण त्यांच्या साठ्याच्या आकड्यांशिवाय माझा महिन्याचा हिशेब बंद होत नाही.

ऑफिसात न्या

घरी दोन-तीन महिने हात आवरता आला की मगच. तिथेही एकच काम, एकाच माणसाकडे. मी त्या मुलीला जीएसटीआर-३बी, म्हणजे दरमहा भरायचं जीएसटीचं रिटर्न, पूर्ण दिलं, बिलं जुळवण्यापासून भरण्यापर्यंत. मासिक रिटर्नची मुदत पुढच्या महिन्याच्या २० तारखेला असते. चुकली तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क, आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. म्हणून १७ तारीख ही माझी बघण्याची तारीख, हे पहिल्या दिवशीच सांगितलं. मी एकेक ओळ टिक करत जुळवायचे. ती एक्सेलमध्ये पिव्हट टेबल, म्हणजे आकडे आपोआप गटवार मांडणारा तक्ता, लावते आणि फक्त न जुळणारी बिलं बाहेर काढते. माझे दोन दिवस जायचे, तिचं अर्ध्या दिवसात होतं.

१७ तारखेला मी उठून तिच्या टेबलापाशी जाते. फाईल माझ्या टेबलावर मागवत नाही. एकदा फाईल इथे आली की रात्री मीच दुरुस्त करायला बसेन.