बाळाचा ऑक्सिजन सिलिंडर घेऊन साताऱ्याहून पुण्याला जाताना

बाळाला घरी ऑक्सिजन सुरू असेल आणि तपासणीसाठी पुण्याला न्यायचे असेल, तर सिलिंडर किती वेळ पुरेल याचा हिशोब निघण्याआधीच मांडावा. सिलिंडरची पाण्याची क्षमता, म्हणजे त्यात किती पाणी मावेल ते, लिटरमध्ये घेऊन तिला गेजवरील (दाब दाखवणाऱ्या तबकडीवरील) दाबाने, म्हणजे बारच्या आकड्याने, गुणावे आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या प्रवाहाने भागावे. १.७ लिटरच्या सिलिंडरमध्ये १५० बार दाब असल्यास सुमारे २५५ लिटर वायू मिळतो आणि मिनिटाला अर्धा लिटर या वेगाने तो कागदोपत्री साडेआठ तास पुरतो. मात्र खंबाटकी घाटातली कोंडी या गणितात धरलेली नसते, म्हणून लागेल त्याच्या दुप्पट साठा सोबत घ्यावा.

श्वासागणिक झोत सोडणारे छोटे कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढणारी यंत्रे, दिसायला सुटसुटीत असली, तरी तान्ह्या बाळाचा हलका श्वास त्यांना अनेकदा कळत नाही, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती विकत घेऊ नयेत.

नळी गालावर चिकटवण्यापूर्वी त्वचा कोरडी करावी. आजीने मालिशचे तेल किंवा व्हॅसलीन चेहऱ्याला लावले असल्यास ते पुसून काढावे, कारण ऑक्सिजनजवळ तेलकट पदार्थ सहज पेट घेतात. धुरी आणि शेगडीही याच कारणाने वर्ज्य. गाडीत सिलिंडर पट्ट्याने घट्ट बांधावा आणि काच थोडी उघडी ठेवावी.

महाबळेश्वरला न्यायचे असल्यास तेथील विरळ हवेसाठी प्रवाह बदलावा का, हे डॉक्टरांना आधी विचारावे.