वळताना गाडी आवाज करते? पार्ट बदलण्याआधी या चुका टाळा

'वळताना पुढून आवाज येतो' एवढंच सांगून गाडी गॅरेजला सोडून येणं ही पहिली चूक, आणि बहुतेक वेळा सगळ्यात महागात पडणारीही. पुढच्या चाकाभोवती आवाज करू शकणारे पार्ट पुष्कळ असतात. नेमका दोष सापडला नाही की आधी लिंक रॉड, मग लोअर आर्म, मग शॉकअब अशी बदलाबदली सुरू होते आणि आवाज तसाच राहतो.

आवाज कसला येतो यापेक्षा तो कधी येतो, यावरून जास्त कळतं. म्हणून सुरुवात इथून करा: गाडी जागेवर उभी करून स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. आवाज आला, तर ड्राइव्ह शाफ्ट (इंजिनची ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा) आणि व्हील बेअरिंग जवळजवळ यादीतून बाहेर, कारण त्या वेळी चाक गरगरत नसतं. मग संशय स्ट्रटच्या, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअब एकत्र असलेल्या खांबाच्या, वरच्या माउंटवर घ्या. त्यातलं बेअरिंग अडकलं की स्प्रिंग सहज फिरत नाही, पीळ भरत जातो आणि एकदम 'टण्ण' करून सुटतो. एकाने स्टिअरिंग फिरवावं, दुसऱ्याने बाहेरून स्प्रिंगला तळहात टेकवावा. झटका हाताला कळतो. बोटं मात्र वेटोळ्यांच्या मध्ये घालू नका.

उभ्या गाडीत काही ऐकू आलं नाही, तर मोकळं मैदान गाठा. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरा, हलका अॅक्सिलरेटर द्या. 'कट-कट-कट' असा आवाज आला आणि वेगाबरोबर तोही भरभर झाला, तर ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट गेलाय असं समजायला हरकत नाही. इथे दोन चुका फार होतात. एक म्हणजे, नुसत्या आवाजावरून डावा की उजवा ते ठरवणं. त्यापेक्षा चाकाच्या आतल्या बाजूला वाकून जॉइंटवरचा रबराचा बूट, म्हणजे त्याचं आवरण, बघा. तो फाटला असेल, तर रिमच्या आत काळं ग्रीस उडालेलं दिसेल. दुसरी चूक म्हणजे, जॉइंट वाजायला लागल्यावर नवं ग्रीस भरून समाधान मानणं. आवाज सुरू होण्याआधीच फाटका बूट दिसला, तर नवा बूट आणि ग्रीस यांवर काम भागू शकतं. एकदा माती-पाणी आत शिरून धातू झिजला की ग्रीसने तो भरून येत नाही. म्हणूनच पावसाळ्याआधी दोन्ही शाफ्टचे आतले-बाहेरचे असे चारही बूट बघून घ्या असं मी आग्रहाने सांगतो. पाच मिनिटांचं काम आहे.

स्विफ्ट किंवा आय-२० सारख्या गाडीचं निदान इको किंवा टू-व्हील ड्राइव्ह बोलेरोला लावू नका. इको आणि अशा बोलेरोत इंजिन मागची चाकं फिरवतं, त्यामुळे पुढे हा शाफ्टच नसतो.

घूं-घूं असा आवाज वेगळा. तो सरळ रस्त्यावरही असतो, वेगाबरोबर वाढतो आणि वळणावर बदलतो. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकांवर जातो, म्हणून उजव्या वळणावर आवाज वाढला तर बहुधा डावीकडचं बेअरिंग. पण असमान झिजलेला टायरही हुबेहूब असाच वाजतो. बेअरिंग बदलण्याआधी पुढचे टायर मागे घालून बघा. आवाजही मागे गेला, तर बेअरिंगचा दोष नाही.

जुन्या हायड्रॉलिक स्टिअरिंगमध्ये कण्हल्यासारखा आवाज आला की हाताला लागेल ते ऑइल ओतू नका. मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच फ्लुइड घाला आणि ते कुठून गळतंय ते शोधा. टोकाला दाबून धरल्यावरच आवाज येत असेल, तर तो सहसा दोष नसतो. फक्त तसं धरून ठेवू नका. इलेक्ट्रिक स्टिअरिंगच्या बहुतेक छोट्या गाड्यांत हे फ्लुइडच नसतं.

पत्रा घासल्यासारखा आवाज अचानक सुरू झाला, विशेषतः खडीच्या रस्त्यावरून आल्यावर, तर डिस्क आणि तिच्या मागच्या पत्र्यात खडा अडकलाय का ते आधी पाहा. डिकीतला जॅकही एकदा काढून ठेवा, कधी कधी तोच वाजत असतो. यात पैसे जात नाहीत.

खड्ड्यातून वळताना 'खट्' असा आवाज येत असेल आणि स्टिअरिंग सैल वाटत असेल, तर मात्र अंदाज बांधत बसू नका. नुकतंच चाक काढलं असेल, पंक्चरसाठी का होईना, तर सगळ्यात आधी नट तपासा. ते घट्ट असतील, तर बॉल जॉइंट (चाकाला लोअर आर्मशी जोडणारा सांधा) किंवा टाय रॉड एंड (स्टिअरिंगकडून चाकाकडे येणाऱ्या दांड्याचं टोक) यांपैकी एखाद्याने जागा सोडली असू शकते. तो निसटला तर चाकावर ताबा राहत नाही. गॅरेजमध्ये चाक उचलून वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवून बघायला सांगा. फक्त आडव्या दिशेने खेळ, म्हणजे सैलपणा, असेल तर बहुधा टाय रॉड, वर-खाली असेल तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. हे पार्ट बदलायच्या आधी चाकांची अलाइनमेंट करून घेणं म्हणजे तेच पैसे दोनदा भरणं, कारण टाय रॉड एंड बदलल्यावर ती पुन्हा करावीच लागते.