न्यूमोनियातून घरी आल्यावर फुप्फुसांची काळजी कशी घ्यायची

मोठा व्हायरल न्यूमोनिया झाला, ऑक्सिजन लागला, आणि आता डिस्चार्ज मिळालाय, तर घरच्यांनो प्लीज पेशंटला "आता बरा झालास ना" म्हणून घाई करू नका. स्वाइन फ्लू असो की कोविड, जिना चढताना धाप लागणं काही महिने राहतं, कधी वर्षभर पण. अंगातली ताकदही गेलेली असते, त्यामुळे डाळी, अंडी, पनीर रोज पोटात जाऊ द्या.

ऑक्सिमीटर नुसता बसून लावू नका. डॉक्टरांना विचारून, कोणीतरी जवळ असताना, एक मिनिट खुर्चीतून उठ-बस करायची आणि मग आकडा बघायचा, बसून ९७ आणि नंतर ९२ येत असेल तर ते डॉक्टरांना कळलंच पाहिजे. बोट गार असेल किंवा नेलपॉलिश असेल तर रीडिंग चुकतं.

श्वासाच्या व्यायामाचं तीन बॉलवालं मशीन बरेच जण फुंकतात, ते तसं नाहीये!! आधी श्वास सोडा, मग नळी ओठांत घट्ट धरून हळूहळू आत ओढा, बॉल वर जितका वेळ टिकेल तितका टिकवा, मग सोडा. चक्कर आली तर थांबा. धाप लागली की बसून कोपरं गुडघ्यांवर टेकवा, नाकाने श्वास घ्या आणि गरम चहावर फुंकर मारतो तसा ओठांतून सावकाश सोडा.

चालायला ठाण्यातल्या कचराळी तलावाचा ट्रॅक मस्त, सपाट आहे आणि बसायला जागा आहे. चालता चालता बोलता येईल एवढाच स्पीड, आणि दुसऱ्या दिवशी अंग गळून गेलं तर अंतर कमी करा. घोडबंदर रोडला ट्रकची धूळ असते तिथे एन-९५ लावा. घरात अगरबत्ती, धूप, मच्छर कॉइल बंद, सिगरेट तर नावच नको.

स्टेरॉइड चालू असेल तर मनाने बंद करू नका, शुगर तपासत राहा. साधारण १२ आठवड्यांनी एक्स-रे परत काढतात, डाग किंवा धाप राहिली असेल तर सीटी स्कॅन आणि पीएफटी (फुप्फुसं किती नीट चालतात ते बघायची तपासणी), त्यात डीएलसीओ ही टेस्ट पण करायची का ते विचारा कारण साध्या स्पायरोमेट्रीत (नळीत जोरात फुंकायच्या टेस्टमध्ये) ऑक्सिजन रक्तात किती नीट जातो ते दिसत नाही. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसीचंही तेव्हाच विचारून घ्या.

अचानक धाप वाढली, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त आलं, ओठ निळे पडले तर थांबायचं नाही, लगेच १०८ लावा. एकच पोटरी सुजून दुखत असेल तर त्याच दिवशी दाखवा, रक्ताची गाठ असू शकते.