सेपरेटर समजून घ्यायचा असेल तर आधी एक्स्चेंजर बघा

तेल-वायू उत्पादनात नव्याने रुजू झालेली मुलं सेपरेटरच्या (म्हणजे तेल, वायू आणि पाणी वेगळं करणाऱ्या भांड्याच्या) साइझिंगची, म्हणजे आकार ठरवण्याची, सूत्रं पाठ करून येतात. ती लागतातच. पण सुरुवातीच्या काळात माझा आग्रह एकाच गोष्टीसाठी असतो: हीट एक्स्चेंजर (एका प्रवाहाची उष्णता दुसऱ्याला देणारं उपकरण) आणि सेपरेटर यांना दोन वेगळी प्रकरणं समजू नका. अभ्यासक्रमात ती वेगवेगळ्या धड्यांत असली, तरी प्लांटवर एकाचं दुखणं दुसऱ्यात दिसतं.

आडव्या थ्री-फेज सेपरेटरमध्ये मिश्रण आलं की इनलेटच्या डायव्हर्टरवर आपटून बराचसा वायू सुटतो, वर डिमिस्टर त्यातले बारीक थेंब अडवतो, खाली पाणी साचतं आणि तेल वेअरवरून (आतल्या आडव्या बांधावरून) पलीकडच्या कप्प्यात पडतं. यातलं सगळ्यात संथ काम म्हणजे तेलातले पाण्याचे थेंब खाली बसणं. स्टोक्सच्या नियमानुसार थेंबाचा व्यास निम्मा झाला की त्याचा वेग चौथ्या हिश्शावर येतो. तेल जितकं दाट, तितका हा वेग आणखी कमी. आणि थंड तेल दाट असतं, म्हणून तर बऱ्याच ठिकाणी ते सेपरेटरच्या आधी एक्स्चेंजरमध्ये तापवून घेतात.

आमच्याकडे एकदा बाहेर जाणाऱ्या तेलात पाणी वाढायला लागलं. प्रत्येक शिफ्टला डिमल्सिफायरचा (तेल-पाणी वेगळं व्हायला मदत करणाऱ्या रसायनाचा) डोस थोडा थोडा वाढत होता. मग कोणीतरी जुने ट्रेंड उघडले. एक्स्चेंजरमधून निघणाऱ्या तेलाचं तापमान कित्येक आठवडे हळूहळू उतरत होतं आणि डीपी, म्हणजे आत-बाहेरच्या दाबातला फरक, चढत होता. नळ्यांवर क्षारांचा थर बसला होता. साफसफाई झाली, तापमान जागेवर आलं आणि डोसही खाली आला. रोजच्या लॉगशीटमध्ये हे दोन आकडे होतेच, फक्त शेजारी शेजारी ठेवून कोणी पाहिले नव्हते.

थर कुठे बसेल याचाही अंदाज बांधता येतो. कॅल्शियम कार्बोनेट पाणी तापलं की कमी विरघळतं, त्यामुळे ते गरम पृष्ठभागावर धरतं. मेण याच्या उलट, थंड पृष्ठभागावर. म्हणजे हीटरमध्ये क्षार शोधा, कूलरमध्ये मेण. तापमान उतरलं पण डीपी हललाच नाही, तर साफसफाईचा विषय काढण्याआधी बायपास व्हॉल्व्ह पूर्ण बंद आहे का ते जाऊन बघा.

आता गेज ग्लासबद्दल, म्हणजे सेपरेटरमधली पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीबद्दल, कारण नवीन माणूस त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतो. ग्लासचं वरचं तोंड वायूत आणि खालचं पाण्यात असेल, तर मधल्या तेलाला ग्लासमध्ये यायला वाटच नसते. भांड्यातल्या तेलाच्या वजनाने ग्लासमधलं पाणी वर ढकललं जातं आणि इंटरफेस (तेल आणि पाणी यांच्यातली सीमा) खऱ्यापेक्षा वर दिसतो. तेलाच्या थरात उघडणारं मधलं तोंड असलं तर ही फसगत टळते. दाबाच्या फरकावरून पातळी सांगणाऱ्या डीपी ट्रान्समीटरचं गणितही घनता ठरावीक आहे असं धरूनच चालतं. शंका आली की वेगवेगळ्या उंचीवरच्या सॅम्पल कॉकमधून नमुने घ्यायला सांगा. पाणी कुठे संपतं, इमल्शनचा (तेल-पाणी मिसळून राहिलेल्या मिश्रणाचा) पट्टा किती जाड आहे आणि स्वच्छ तेल कुठे सुरू होतं, हे बाटल्या ओळीने मांडल्या की लगेच कळतं. इंटरफेस वेअरच्या वर गेला तर पाणी तेलाच्या कप्प्यात जातं, फार खाली गेला तर पाण्याच्या लाइनमधून तेल निघतं. कप्पा रिकामा होऊन वायूच निघाला तर पुढच्या कमी दाबाच्या भांड्याला थेट धोका असतो, त्यामुळे लो-लेव्हल ट्रिप (पातळी फार खाली गेली की आपोआप बंद करणारी यंत्रणा) कधीही हलक्यात घेऊ नका.

एक्स्चेंजर चालू करताना आधी थंड प्रवाह सोडायचा, मग गरम, तोही सावकाश. नळी फुटली तर जास्त दाबाचा द्रव कमी दाबाच्या बाजूला शिरतो. हीटिंग मीडियमच्या (उष्णता देणाऱ्या द्रवाच्या) एक्स्पान्शन टँकची पातळी विनाकारण वाढू लागली, तर पहिला संशय तिथेच घ्या.

सल्फरयुक्त तेलाचं भांडं उघडताना पर्मिट, आयसोलेशन आणि एच-टू-एसची (हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूची) तपासणी होतेच. गाळात आयर्न सल्फाइड असू शकतं आणि ते वाळलं की हवेत आपोआप पेट घेतं. गाळ बाहेर नेऊन विल्हेवाट लागेपर्यंत तो ओलाच राहील याची जबाबदारी कोणाकडे आहे, हे मॅनहोल उघडण्याआधी नाव घेऊन विचारा.